अडलेल्याला एक पट्टी

ईशान आणि सई,

हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. कंटाळा आला की तिला थांबवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी ऐका. मलाही हे एका बैठकीत लिहिणं जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तिने मला सईच्या वर्गातल्या भिंतीचा फोटो पाठवला. रंगीत कागदांवर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिले होते. मला काय माहीत आहे? मी कुठे अडले? दुसरा रस्ता आहे का? गणित करताना हे प्रश्न स्वतःला विचारायचे, असं सईच्या बाई सांगतात म्हणे. खाली तुमच्या आईने लिहिलं होतं, ‘आई, तुझ्या शाळेतही असंच होतं ना? तूच सुरू केलं होतंस ना?’

मी सुरू केलं नव्हतं. एवढं उत्तर फोनवर देता आलं असतं, पण पुढचं सांगावं लागलं असतं आणि फोनवर मला ते नीट लावून सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून टाकते.

तुमचे आजोबा रेल्वेत होते. आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो. मी सकाळच्या शटलने केडगावला उतरायचे आणि तिथून टमटममध्ये गुडघे पोटाशी घेऊन शाळेत पोचायचे. शाळा वरवंडच्या अलीकडे, उसाच्या शेतांना लागून. मी इंग्रजी शिकवायचे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, एम. ए. झालेली बाई गावच्या शाळेत कशी, याचं लोकांना सुरुवातीला नवल वाटे. पुढे माझ्या फायलींचं नवल वाटू लागलं. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक पत्राची कार्बन प्रत. हेडमास्तर कुठलाही कागद हरवला की माझ्याकडे यायचे.

गणिताला जे सर होते, त्यांना मुलं ‘थांबा सर’ म्हणायची. मुलाने फळ्यावर खडू टेकवला की सर म्हणायचे, “थांबा.” मग खुर्चीतून न उठता विचारायचे, “उत्तर अंदाजानं किती येईल?” अंदाज सांगितल्याशिवाय पुढचा आकडा लिहू द्यायचे नाहीत. मुलाने गणित सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, की सर विचारणार, “बरोबर हाय? कशावरनं?”

उत्तर चुकलं असलं तरी कशावरनं, बरोबर असलं तरी कशावरनं. आवाज तोच, चेहरा तोच. हुशार मुलं याने रडकुंडीला यायची. एका मुलाचे वडील शाळेत येऊन भांडले होते. “माझ्या पोराचं उत्तर पुस्तकाच्या मागं दिल्यापरमानं आलं, तरी मास्तर बरोबर म्हनना!” सर शांतपणे म्हणाले, “आन् पुस्तकाचं बरोबर कशावरनं?”

ते लोकांना खिजवण्यासाठी असं करतात, अशी माझीही पहिली दोन वर्षं समजूत होती. शिपाईमामांना ते घंटेपाशी गाठून विचारायचे, “मामा, घंटा दोन मिनटं उशिरा झाली तर काय व्हईल?” मामा म्हणायचे, “काय न्हाई व्हनार सर, फकस्त माझी नोकरी जाईल. वाजवू का आता?” सर बाजूला व्हायचे, पण तोंडावर असं असायचं की मामांनी त्यांना काहीतरी महत्त्वाचं सांगितलं आहे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. हे मला फार उशिरा कळलं.

दिसायला उंच, हाडकुळे. सायकलच्या सीटवर जुन्या घोंगडीचा तुकडा बांधलेला. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन फिरत. वडिलांनी कालव्याच्या कडेला थोडी जमीन घेतली आणि ते स्थिरावले, पण सर लहानपणी दोन-तीन हंगाम मेंढरांमागे चालले होते. स्टाफरूममध्ये एकदाच त्याबद्दल बोलले. नदी ओलांडायची असली की वडील काठावर उभे राहून विचारत, “पयलं कुठलं मेंढरू घालशील? ते माघारी वळलं तर काय करशील?” आणि उत्तर ऐकून न घेता पुढे निघून जात.

“सांगितलं का नाही त्यांनी सरळ?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर मी त्यांच्याकडं बघत बसलो असतो, बाई. मेंढराकडं कोन बघनार?”

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचे. हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा त्या चुलीपुढून म्हणाल्या, “घरी बी असंच वो. कालवनात मीठ कमी हाय का इचारलं तर म्हनत्यात, तुला काय वाटतं? म्हनलं, मला कळलं असतं तर तुमाला इचारलं असतं व्हय? तीस वरसं झाली, अजून एकदा म्हनलं न्हाईत की बाई, कमी हाय.” सर बाहेर ओट्यावर बसून हसत होते.

आता पट्ट्यांबद्दल. सर लग्नपत्रिका टाकून देत नसत. त्यांची मागची कोरी बाजू कापून बोटभर रुंदीच्या पट्ट्या करत आणि प्रत्येकीवर एक प्रश्न लिहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या शेकड्यांनी होत्या. मूल अडलं की वही घेऊन टेबलापाशी यायचं. सर वही वाचायचे. खूप वेळ वाचायचे. ओळीवर बोट ठेवून, कधी परत मागे जाऊन. मग डब्यात हात घालून शोधायचे आणि एकच पट्टी काढून मुलाच्या हातात द्यायचे. बोलायचे काहीच नाही. मूल पट्टी घेऊन जागेवर जायचं. काम झालं की पट्टी परत.

एकदा माझा तास मोकळा होता आणि पाऊस पडत होता म्हणून मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. दहावीचा वर्ग. गणित नळांचं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल. एका मुलीने सहा आणि चार मिळवून दहा तास लिहिले होते. दोन वेण्या वर बांधलेली, कोपऱ्यात बसणारी, माझ्या तासाला कधी तोंड न उघडणारी मुलगी. सरांनी तिची वही वाचली आणि पट्टी दिली. ती माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली, म्हणून मला वाचता आली. ‘हे उत्तर खरं धरलं तर काय घडेल?’

ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. मग खिडकीबाहेर, जिथे हौदावर नळ होता. आणि एकदम मोठ्याने हसली. “सर! एक नळ चार तासात भरतोय, मग दुसरा आजून सोडल्यावर धा तास कसं लागत्याल? दुसरा काय पानी प्यायला बसलाय व्हय?”

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, “मला काय इचारतीस? वही तुझी हाय.”

दहा-पंधरा मिनिटांनी तिने दोन तास चोवीस मिनिटं काढले. टेबलापाशी जाऊन, सरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, “कशावरनं ते सांगू का?” आणि एका तासात कुठला नळ टाकीचा किती भाग भरतो ते बोटांवर दाखवलं. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवत होते, पण माझ्या तासाला कुणी असं हसलेलं मला आठवेना.

त्या दिवशी मला वाटलं, हे सगळ्या मुलांना मिळालं पाहिजे. तोपर्यंत माझा हेतू चांगलाच होता. मी सरांकडून तो डबा चार दिवसांसाठी मागून घेतला. ते म्हणाले, “कशाला पायजे, बाई?” मी म्हणाले, “नीट लावून देते.” त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

डब्यात एकाच प्रश्नाच्या वीस-वीस पट्ट्या, काही फाटक्या, काही कुठल्यातरी एकाच गणिताला लागू पडणाऱ्या. मी त्यांची वर्गवारी केली. पुनरावृत्ती काढली, भाषा प्रमाण केली, ‘कशावरनं’चं ‘कशावरून’ केलं. शेवटी चोवीस प्रश्न उरले. वाचण्यापूर्वीचे सहा, सोडवतानाचे बारा, तपासण्याचे सहा. स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला एक कागद दिला. हेडमास्तर इतके खूश झाले की त्यांनी परिपाठात चोवीस प्रश्न म्हणायला लावले. प्रार्थना, प्रतिज्ञा आणि मग प्रश्न.

मी माझ्या तासाला मुलांकडून ते पाठ करून घेतले. ज्याला सगळे ओळीने येतील त्याच्या वहीत शेरा. आता हे लिहिताना थकवा येतो.

सरांनी तो कागद एकदा बघितला. स्टाफरूममध्ये, उभ्याने. “ह्यातला कुठला कुनाला द्यायचा?” त्यांनी विचारलं.

“सगळे सगळ्यांना,” मी म्हणाले. “मग कुणाचं काही राहायला नको.”

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याची तपासणी झाली. साहेब दहावीच्या वर्गात आले आणि त्यांनी मध्येच बोट करून विचारलं, “अकरावा प्रश्न?” साठ मुलं एका सुरात म्हणाली, “मी याआधी असे उदाहरण सोडवले आहे का?” साहेबांनी मान डोलावली. “सतरावा?” तोही आला. साहेबांनी शेरेबुकात स्तुतीचे चार रकाने भरले. त्याच भेटीत शाळेला नवं पर्यवेक्षकाचं पद मिळण्याची गोष्ट निघाली आणि हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला ते पद हवं होतं. तुमचे आजोबा तेव्हा पाठीने अंथरुणाला खिळले होते आणि रोज चार वर्ग उभ्याने घेऊन मी थकले होते, हे खरं आहे. पण ते पद मला त्याशिवायही हवं होतं.

जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा झाली. बीजगणिताचे पेपर तपासायला सर घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा न तपासता परत आणला. वरचा पेपर काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्या दोन वेण्यांच्या मुलीचा होता. पहिल्याच उदाहरणाखाली तिने सुवाच्य अक्षरात एक ते चोवीस क्रमांक घातले होते. ‘प्रश्न १ : मला काय दिले आहे? उत्तर : मला उदाहरण दिले आहे.’ असं करत खाली, ‘प्रश्न २२ : माझे उत्तर बरोबर आहे हे कशावरून? उत्तर : मी ते काळजीपूर्वक तपासले म्हणून.’ दोन पानं भरली होती. त्यात आकडा एकही नव्हता. दुसऱ्या उदाहरणापर्यंत ती पोचलीच नव्हती.

“किती जणांचं असं आहे?” मी विचारलं.

“अर्ध्याहून जास्त,” सर म्हणाले. ते अतिशय दमलेले दिसत होते. खुर्चीत बसले आणि मामांनी आणलेला चहा गार होऊन गेला.

निकाल लागल्यावर पालक संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष मोठे बागायतदार, सोसायटीतही होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी शिक्षकांची बैठक बोलावली. टेबलावर त्या मुलीचा पेपर आणि चोवीस प्रश्नांचा कागद.

“सर,” आबा म्हणाले, “आमच्या पोरास्नी गणित शिकवा. परश्न कशाला शिकवताय? परश्न आमच्या घरात लई हायेत, उत्तरं न्हाईत. म्हनून तर शाळंत धाडतोय.”

दोघे-तिघे हसले. सर उभे राहिले होते. आबांनी कागद उचलला. “ही गीता कुनी छापली? तुमचीच ना ही समदी करनी?”

हेडमास्तर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. पर्यवेक्षकपदाचा प्रस्ताव त्याच आठवड्यात आबांच्या सहीसाठी जायचा होता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. कागदाच्या स्टेन्सिलवर माझ्या हाताचं टायपिंग होतं. तो कागद परिपाठात कुणी आणला, पाठ कुणी करून घेतला, हे त्या खोलीतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते विचारतील. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना विचारलं होतं, घंटा वाजवणाऱ्याला, मीठ घालणारीला. मी तयारीत होते. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

त्यांनी काही विचारलं नाही. आबांकडे वळून म्हणाले, “प्रश्न माझेच हायेत.” आणि बसले.

दहावी त्यांच्याकडून काढून घेतली. दुसऱ्या एका सरांनी उरलेले दोन महिने गाईडमधली उदाहरणं फळ्यावर लिहून दिली, मुलांनी ती पाठ केली आणि बोर्डाचा निकाल दरवर्षी लागायचा तसाच लागला. त्या मुलीला पस्तीसच्या वर दोन-तीन गुण मिळाले. पुढे ती कुठे गेली मला माहीत नाही. सरांना पाचवीचे वर्ग मिळाले, तेही कार्यानुभवाचे. मुलांकडून वाफे करून घ्यायचे. मी पर्यवेक्षिका झाले. त्यांच्या रजेच्या अर्जांवर माझी सही असायची. ते अर्ज माझ्या टेबलावर ठेवत, “बाई, सही,” म्हणत आणि जात. दहावीचा वर्ग त्यांना निवृत्तीपर्यंत परत मिळाला नाही. मी एकदा त्यासाठी टिपण लिहिलं होतं. ते पाठवलं नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतर दोन-एक वर्षांनी मी त्यांच्या वस्तीवर गेले. दुपार होती. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि सर कांद्याच्या वाफ्याला दार धरून, म्हणजे फावड्याने पाणी वळवत, उभे होते. धोतराचा काचा मारलेला. मला बघून त्यांनी फावडं ठेवलं आणि वहिनींना हाक मारली, “अगं, बाई आल्यात, च्या टाक.”

बांधावर बसलो. सांगायचं मी घरून नीट लावून आणलं होतं. ते सगळं मी विसरले आणि म्हणाले, “सर, त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं.”

“व्हय,” सर म्हणाले. “बोलाया पायजे हुतं.”

त्यांच्या तोंडून असं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते फार लागलं, आणि थोडं बरंही वाटलं.

“तुम्ही मला विचारलं का नाहीत? सगळ्यांना विचारायचात. मलाच का नाही?”

ते पाण्याकडे बघत होते. वाफा भरत आला होता. उठून त्यांनी दार मोडलं, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं आणि परत येऊन बसले.

“पट्टी अडलेल्याला द्यायची असती, बाई. तुमी अडला न्हवता. तुमी ठरवलं हुतं.”

यात राग नव्हता. वही वाचून झाल्यावर ते जसे दिसायचे तसेच दिसत होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला विचारू लागल्या की साखर बरोबर आहे का, कारण यांना विचारून उपयोग नाही. मी म्हणाले, बरोबर आहे. टमटमची वेळ झाली तेव्हा सर सायकल हातात धरून रस्त्यापर्यंत आले.

पुढच्या काही वर्षांत ते गेले. मी तेव्हा तुमच्या आईच्या बाळंतपणाला तिकडे तुमच्याकडे आले होते, मला पत्राने कळलं. डब्याचं आणि पट्ट्यांचं काय झालं ते मी वहिनींना विचारलं नाही.

सई, तुझ्या वर्गातले प्रश्न चांगले आहेत. तुझ्या बाई तुझी वही वाचतात का, एवढं मला कळव. वाचत असतील तर भिंतीवर काय लिहिलंय त्याने फारसं बिघडत नाही. आणि ईशान, तुला सगळं पाठ होतं असं आई कौतुकाने सांगते. मलाही पाठ व्हायचं.

मधल्या काळात शिक्षण खात्याकडून विचार करायला शिकवण्याबद्दल काही प्रशिक्षणं आली, तेव्हा नव्या हेडमास्तरांना कपाटात तो सायक्लोस्टाइलचा कागद सापडला. त्यांनी पेंटर बोलावून तो व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घेतला. मी निवृत्त झाले होते, मला कुणी विचारलं नाही. नंतर ते पुसावं, निदान खालचं नाव काढावं, म्हणून मी शाळेला दोन पत्रं लिहिली. दोन्हींच्या प्रती माझ्याकडे आहेत, उत्तर आलेलं नाही. गेल्या वर्षी केडगावला एका लग्नाला गेले होते तेव्हा शाळेवरून गाडी घ्यायला लावली. निळ्या ऑइलपेंटमध्ये चोवीस प्रश्न आहेत आणि त्याखाली ‘संकलन’ असं लिहून माझं पूर्ण नाव आहे. रंग अजून गेलेला नाही.